वरळी ते हाजी अली : न झालेला पूल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी पाककृती देते, कोणी देवस्थानाची माहिती देते. यंदा संपादक भगिनींनी मला आपल्या भागाचा इतिहास लिहावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु लग्न होऊन वरळीला आले त्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि एवढ्या काळात आमच्यासमोरच्या समुद्रात हाजी अलीपर्यंत पूल होणार, होणार असे कितीदा तरी ऐकले. तो काही झाला नाही. झालेल्या गोष्टींचा इतिहास सगळेच लिहितात, मी या न झालेल्या पुलाचा लिहिते.

आपली मुंबई मुळात सात बेटांची. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामध्ये पूर्वी समुद्राचे पाणी आत शिरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हॉर्नबी याने तेथे बांध घातला. बांध पुन्हा पुन्हा ढासळू लागला, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती बाहेर काढल्यावर बांध टिकला, अशी कथा सांगतात. १८३१ साली धाकजी दादाजींनी बांधलेले महालक्ष्मीचे देऊळ आपण नवरात्रात पाहतोच. त्या बांधावरचा रस्ता म्हणजे आजचा लाला लजपतराय मार्ग. न झालेला पूल याच्याच शेजारून, समुद्रातून जावयाचा होता.

आता दुसऱ्या टोकाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि लोक होडीने ये-जा करीत. तेथे रस्ता बांधण्यास पैसा मिळेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई पुढे आल्या. प्रथम एक लाख दिले, ते पुरले नाहीत म्हणून आणखी सत्तावन्न हजार दिले. १८४५ साली रस्ता पुरा झाला. देणगी देताना बाईंनी एक अट घातली होती, की या रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांकडून सरकारने टोल घेऊ नये! त्या काळी एका स्त्रीने सरकारला अशी अट घालावी, हे वाचल्यापासून मला त्या बाईंविषयी फार आदर वाटतो. माहीमचा लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा. आपण त्याला एल. जे. रोड म्हणतो आणि बाईंचे नाव विसरून जातो.

पुढे शहर उत्तरेकडे वाढत गेले. माणसे राहणार अंधेरी-बोरिवलीला आणि कचेऱ्या फोर्टात. १९६२ साली विल्बर स्मिथ या अमेरिकन कंपनीने मुंबईच्या रहदारीची पाहणी केली आणि पश्चिम किनाऱ्याने वेगवान रस्ता सुचविला. कागदावर आलेली ही कल्पना कागदावरच चाळीस वर्षे राहिली. अखेर त्यातला एक तुकडा, वांद्रे ते वरळी, ३० जून २००९ रोजी खुला झाला. लांबी ५.६ किलोमीटर आणि खर्च सुमारे १६०० कोटी.

तो पाहावयास आम्ही घरची मंडळी टॅक्सी करून गेलो होतो. टोलनाक्यावर पन्नास रुपये मोजले. सासूबाईंनी विचारले, "परत येताना पण द्यायचे?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग येताना बसने येऊ. तेवढ्यात बोंबलाचा एक वाटा येतो." आणि खरोखरच आम्ही बसने आलो, आवाबाईंच्या रस्त्यावरून. तेव्हा मला ही गोष्ट ठाऊक नव्हती, नाहीतर सासूबाईंना सांगितली असती. त्यांना फार आवडली असती.

पुढचा तुकडा वरळी ते हाजी अली. २०१० साली त्याचे काम रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीकडे देण्याचे ठरले. खर्च सुमारे ५,१०० कोटी. कंपनीने पूल बांधावा, चाळीस वर्षे टोल घ्यावा, आणि आधीच्या वांद्रे-वरळी पुलाचा टोलही तिनेच वसूल करावा, असा तो व्यवहार होता. हे मला प्रथम समजेना, म्हणून मी आपल्या परीने असे समजून घेतले. समजा, चाळीतल्या एखाद्या गृहस्थाने पदरच्या पैशाने पाण्याची टाकी बांधली आणि दर हंड्यामागे पैसे घेण्याचे ठरविले. टाकी बांधण्याआधी तो विचारणारच, की हंडे कमी भरले तर तूट कोण सोसणार? आणि टाकी ठेवण्यास जागा कोण देणार? इथेही तसेच झाले. सरकारने पाठिंब्याचा करार करावा, कामासाठी जागा द्यावी, यावरून घोडे अडले. वर्षे गेली, समुद्रात एक खांबही उभा राहिला नाही. सरकारचे मन बदलले, टोलच्या पुलाऐवजी किनाऱ्यालगत भराव टाकून रस्ता करावा असे ठरले आणि तो करार बारगळला.

अशा योजना नुसत्या पैशानेच थांबतात असेही नाही. त्याच सुमारास पेडर रोडवरून उड्डाणपूल नेण्याची योजना होती. तिला तेथील रहिवाशांनी विरोध केला, त्यात लता मंगेशकर आणि आशा भोसले या भगिनीही होत्या. तोही पूल झाला नाही. त्यांचे गाणे आपण सर्वजणी डोक्यावर घेतो, त्यांचे म्हणणे ऐकले जावे यात नवल नाही. परंतु आमच्या दारावर मावरे घेऊन येणाऱ्या कोळीणबाई मला म्हणाल्या होत्या, "आमच्या समुद्रात पूल घालतात, पण आम्हांला कुणी विचारलं का?" त्या वेळी मला वाटले, या उगाच तक्रार करतात. मला तर पूल हवाच होता, माहेरी जाण्यास अर्धा तास वाचला असता.

त्यांचे म्हणणे मला फार उशिरा कळले. २०१८ साली महापालिकेने किनारी रस्त्याचे काम सुरू केले. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरणाची परवानगी रद्द ठरविली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. हा रस्ता सागरी सेतूला जोडण्यासाठी वरळी कोळीवाड्याच्या तोंडाशीच खांब येणार होते, दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवून. नकाशावर ६० मीटर पुष्कळ दिसते. पण पावसाळी वाऱ्यात, लाटा आडव्या येत असताना, जाळे भरलेली होडी त्यातून काढावयाची म्हणजे जिवाशी गाठ, असे कोळी बांधव सांगत होते. त्यांनी समुद्रात होड्या घालून काम अडविले. २०२२ च्या अखेरीस महापालिकेने मधला एक खांब गाळून १२० मीटरचे अंतर ठेवण्याचे मान्य केले. बातमी आली त्या दिवशी आमच्या कोळीणबाईंनी पापलेटचे पैसे घेतले नाहीत.

किनारी रस्ता २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याला टोल नाही. मात्र दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे, म्हणजे आमच्या घरच्या स्कूटरला तो रस्ता नाहीच. वरळीहून पुढे वांद्र्याकडे सागरी सेतूने जावयाचे तर तेथे टोल भरावाच लागतो.

परवा माहीमला हळदीकुंकवास गेले होते. परतताना एल. जे. रोडवर बसची वाट पाहत असता धाकट्या मुलीला विचारले, "एल. जे. म्हणजे कोण, सांग पाहू?" तिला माहीत नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, "कोणी साहेब असेल." बस येईपर्यंत दोघींना आवाबाईंची सगळी गोष्ट सांगितली.