वर्गणीची वही आणि 1921 ची ती सभा

आजोबांच्या हातची एक वर्गणीची वही माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट, किराणा दुकानात उधारीला वापरतात तसली. तीन वर्षांपूर्वी आपल्या अभ्यासगटात मी याच वहीवर एक निबंध वाचला होता. बरेच जण खूश झाले, फोटो काढले गेले, वही हातोहात फिरली. त्या निबंधात एक गोष्ट मी मुद्दाम गाळली होती. ती आज भरून काढायची आहे. पण वही न पाहिलेलेही पुष्कळ आहेत, म्हणून आधी वहीबद्दल.

पहिल्या पानावर साल आहे 1341 फसली, म्हणजे 1931-32. आकडे सगळे हाली सिक्क्यात. निजामाच्या राज्यात इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत आणि 100 कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजावे लागत. आजोबा जिल्ह्याकडे मनीऑर्डर करायचे तेव्हा हा हिशेब बोटांवर करत, असं वडील सांगायचे. मोहल्ल्यातल्या मंडळाची वर्गणी दरमहा चार आणे. पहिलीच नोंद देणं बाकी असल्याची आहे: संमेलनासाठी आणलेल्या गाद्यांचं भाडं. हे संमेलन म्हणजे 1931 चं मराठी साहित्य संमेलन. ते हैदराबादेत भरलं होतं आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अध्यक्ष होते. आजोबा तेव्हा विशीत. केतकरांचं भाषण त्यांनी ऐकलं की नाही, वहीवरून कळत नाही. गाद्या कोणाच्या घरी किती उतरवल्या ते मात्र नीट लिहिलंय.

काचीगुडा, कुतबीगुडा, बडी चावडी, सुलतानबाजार, इसामिया बाजार या पट्ट्यात मराठी घरं दाट का झाली, याचं माझ्या मते सरळ कारण रेल्वे आहे. गोदावरी खोऱ्यातून मनमाडला जाणारी मीटरगेज विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली. नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद हैदराबादला जोडले गेले. काचीगुड्याचं स्टेशन 1916 सालचं. परभणीचा मुलगा रात्री गाडीत बसला की सकाळी पत्र्याची ट्रंक घेऊन इथे उतरायचा. पुढे तो राहायचा कुठे, जेवायचा कुठे? तिथे मंडळ येतं.

वहीचं सगळ्यात भरलेलं अंग हेच आहे. "वार" या मथळ्याखाली पानंच्या पानं. सोमवार अमक्या वकिलांकडे, मंगळवार तमक्या पेशकारांकडे, बुधवार रिकामा. असा बुधवार रिकामा दिसला की पुढच्या पानावर कोणीतरी तो भरलेला सापडतो, बहुतेक वेळा आजोबांनीच. वारावर जेवून शिकणं पुण्याच्या आठवणींमधून सगळ्यांना माहीत आहे. हैदराबादेत हे किती काळ चाललं याचा मला ही वही पाहीपर्यंत अंदाज नव्हता. 1940 सालापर्यंत नोंदी आहेत. उस्मानिया विद्यापीठात शिकायचं तर माध्यम उर्दू, त्यामुळे जिल्ह्याकडून आलेल्या मुलांना उर्दू पक्कं करून देण्यासाठी एका मुन्शींना दरमहा तीन रुपये दिलेलेही दिसतात. मुन्शीसाहेबांचं नाव नाही. नुसतं "मुन्शी, 3 रु."

वारांच्या या सगळ्या पानांत एकाही बाईचं नाव नाही. जेवायला घालणारे सगळे वकील, पेशकार, मास्तर! आजी म्हणायची, "तुझे आजोबा वार घ्यायचे आणि पोळ्या मी लाटायचे. विचारलंतं का कोणी मला? हौ म्हणून मोकळे." ती दमून बोलायची, रागावून नाही. पण मंडळाच्या इतिहासात हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिलं.

दुसरं मोठं खातं मयतीचं. बदलीवर आलेले एकटे कारकून, भाड्याची खोली, नातेवाईक दोन दिवसांच्या वाटेवर. अशा वेळी बांबू, सुतळी, कापड, मडकं, लाकूड आणि चार खांदे मंडळाने द्यायचे. एका मयतीपुढे "खांदेकरी तीनच, चौथा टांगेवाला इस्माईल" अशी ओळ आहे. मी लहानपणापासून ही ओळ ऐकत आलोय. आमच्याकडे ती थोडी गमतीने सांगायचे. आता ती वाचताना गंमत वाटत नाही.

सभा, व्याख्यान असे शब्द मात्र फार थोडे येतात. त्यामागे कायदा आहे. 1929 ची गश्ती निशाण 53 सगळ्यांनी ऐकलेली असेल. सभेला सरकारची परवानगी लागे, आणि ती मिळेलच असं नाही. पूर्वी सुलतानबाजाराचा भाग इंग्रज रेसिडेन्सीच्या अखत्यारीत होता, त्यामुळे रेसिडेन्सी बाजारात निजामाच्या पोलिसांचा हात पोचत नसे; 1933 मध्ये तो भाग निजामाकडे परत गेला आणि ती सोयही संपली. वहीत त्यानंतर कीर्तनं वाढलेली दिसतात. गॅसबत्तीचं भाडं, तट्ट्यांचं भाडं, बुवांची बिदागी. सगळी कीर्तनं काही आडून केलेल्या सभाच होत्या असं मी म्हणणार नाही, लोकांना कीर्तन आवडायचंही. पण वाचनालय, गणपती, कीर्तन, हळदीकुंकू एवढ्याच गोष्टी परवानगीच्या कटकटीशिवाय करता येत असतील तर माणसं त्यातूनच एकत्र येणार.

आता या मंडळांच्या मागची पिढी. केशवराव कोरटकर, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झालेले. वामनराव नाईक, जहागीरदार आणि सार्वजनिक कामात बुडालेले. 1907 मध्ये विवेकवर्धिनी निघाली ती या लोकांच्या खटपटीतून. चित्रकार सातवळेकर, पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून प्रसिद्ध झाले ते, त्या वर्षांत हैदराबादेतच होते. शाळेला वर्ष होतंय न होतंय तोच 28 सप्टेंबर 1908 चा मुसीचा पूर आला. हजारो माणसं गेली. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर दीडशे माणसं वाचली ती गोष्ट इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. सरोजिनी नायडूंनी त्या पुरात केलेलं मदतकार्य प्रसिद्ध आहे. "स्वयंसेवक" हा शब्द या शहराला खऱ्या अर्थाने त्या पुराने शिकवला असं मला वाटतं. 1920 मध्ये लक्ष्मणराव फाटकांनी 'निजाम विजय' साप्ताहिक सुरू केलं आणि मराठी माणसाला छापील जागाही मिळाली.

तीन वर्षांपूर्वी मी इथपर्यंत आलो, विवेकवर्धिनीचा गौरव केला आणि थेट 1931 च्या संमेलनावर उडी मारली.

वाचन संपल्यावर चहाच्या वेळी एक निवृत्त तेलुगु शिक्षक माझ्याजवळ आले. आम्ही सगळे त्यांना मास्टारुगारू म्हणतो. हळूच म्हणाले, "साब, सब अच्छा बोले. वो इक्कीस की बात नक्को बोलना था क्या?" मी म्हटलं, वेळ पुरला नाही. ते हसले आणि कप ठेवून गेले. वेळ पुरला होता. मला ती गोष्ट माहीत होती, टिपणांत लिहिलेलीही होती. वाचायच्या आदल्या रात्री मी त्या कागदावर काट मारली होती.

गोष्ट अशी. नोव्हेंबर 1921. विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्यातली सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवाविवाहासाठी गावाचा बहिष्कार सोसलेला माणूस. याहून योग्य अध्यक्ष कुठून आणणार? भाषणं इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. मग आलंपल्ली वेंकटरामाराव नावाचे वकील एका ठरावावर बोलायला उभे राहिले आणि तेलुगुत बोलू लागले. सभागृहाने त्यांना बोलू दिलं नाही. टाळ्या पिटल्या, हुर्यो केली. सभागृह बहुतांशी आपलंच होतं. तो दिवस 12 नोव्हेंबर.

ज्या शहरात रस्त्यावर तेलुगु ऐकू येते, भाजीवाली तेलुगुत भाव करते, तिथे सुधारणेच्या परिषदेत तेलुगु हास्यास्पद ठरली. त्याच रात्री काही तेलुगु मंडळी टेकुमल्ला रंगारावांच्या घरी जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. माडपाटी हनुमंतरावांसारखे कार्यकर्ते त्यात पुढे आले. त्यातून आंध्र महासभा उभी राहिली, 1930 मध्ये जोगीपेठला तिचं पहिलं अधिवेशन झालं, सुरवरम प्रतापरेड्डी अध्यक्ष होते. तेलंगणातल्या शाळकरी मुलालाही हा क्रम माहीत असतो. आपल्याकडे विवेकवर्धिनीच्या गौरवलेखांत मी तो क्वचितच पाहिला, आणि अशा लेखांत माझा एक आहे.

मला यात दोन गोष्टी अधिक टोचतात. एक म्हणजे सुलतानबाजारातच, 1901 पासून, श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगु वाचनालय चालू होतं. रावीचेट्टू रंगारावांच्या घरात सुरू झालेलं. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव नागपूरला शिकलेले, मराठीत उत्तम लिहिणारे. शिवाजी महाराजांचं तेलुगु चरित्र त्यांनी लिहिलं. म्हणजे समोरच्या माणसाने आपली भाषा शिकली होती, आपल्या राजाची गोष्ट आपल्या लोकांना सांगितली होती. आणि वीस वर्षांनी आपण त्याच्या भाषेला हुर्यो केली. दुसरी गोष्ट संघटनेची. महाराष्ट्र परिषद 1937 मध्ये परतूरला भरली. आंध्र महासभेनंतर सात वर्षांनी. भाषेच्या नावाने परिषद घ्यायची, सरकारकडे शाळा, वाचनालयं, मातृभाषेतलं शिक्षण मागायचं, हा रस्ता ज्यांना आपण बोलू दिलं नाही त्यांनी आधी पाडला आणि आपण त्यावरून गेलो.

एकदा घरात हे बोललो तर चुलते म्हणाले, "दहा-वीस उनाड पोरांनी टाळ्या वाजवल्या असतील, त्यावरून सगळ्या समाजाला का बोल लावतोस?" असेलही. पण उनाड पोरांना गप्प करणारे मोठे त्या सभेत भरपूर होते. आणि त्या रात्री रंगारावांच्या घरी जमलेल्या माणसांना ती गोष्ट दहा-वीस पोरांची वाटली नाही.

तोल सांभाळण्यासाठी नाही, पण खरं आहे म्हणून सांगतो की पुढे माणसं एकमेकांत मिसळलीही. बुर्गुल रामकृष्णराव पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकले, मराठी जाणत, आणि 1952 मध्ये हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. पी. व्ही. नरसिंहराव 'वंदे मातरम्' आंदोलनात उस्मानियातून बाहेर पडले, नागपुरात शिकले, आणि हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो' चं तेलुगु भाषांतर त्यांनी केलं. आपल्याकडून सेतुमाधवराव पगडी तेलुगु, उर्दू, गोंडी शिकले. पण बघा, ही यादी करताना मला आपल्या बाजूला पटकन पगडीच आठवतात.

वहीकडे परत येतो. 1948 च्या सुमाराची पानं कोरी आहेत. सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर हळूहळू पुन्हा वर्गणी सुरू होते. मग 1956. नोव्हेंबरच्या 1 तारखेला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद राज्य उरलं नाही. सरकारी नोकरीतली मराठी माणसं औरंगाबाद, मुंबईकडे वाटून दिली गेली; पगडीही तसेच गेले. वहीत त्या वर्षी नावांपुढे "बदली", "बदली", "बदली" असं खाली खाली लिहिलंय. मंडळाची 61 घरं होती ती 23 झाली. आजोबा राहिले, कारण त्यांची नोकरी खाजगी पेढीत होती. इथे राहिलेल्यांनी मराठी साहित्य परिषद चालवली, तिचं 'पंचधारा' हे त्रैमासिक काढलं. त्या नावातच इथल्या भाषा एकत्र आल्या आहेत, आणि ते नाव ठेवणाऱ्यांना 1921 आठवत असावं असं मला उगीच वाटतं.

आमच्या मोहल्ल्याचं मंडळ 1971 पर्यंत रखडत चाललं. शेवटच्या वर्षांत वर्गणीदारांमध्ये तेलुगु नावं दिसू लागतात. रिकाम्या झालेल्या घरांत ती माणसं राहायला आली होती आणि गणपतीची वर्गणी त्यांनी आपणहून दिली. आजोबांनी त्यांची नावं मोडीतून देवनागरीत येऊन, जरा मोठ्या अक्षरात लिहिली आहेत. बहुधा चुकू नयेत म्हणून. तरी दोन चुकलीच आहेत.

हा निबंध पाठवण्याआधी मी मास्टारुगारूंकडे नेला. मराठी ते वाचतात, बोलत नाहीत. चष्मा लावून सगळा वाचला. "आलंपल्ली" मी आधी "अल्लमपल्ली" लिहिलं होतं, ते पेन्सिलीने दुरुस्त केलं. 1921 च्या परिच्छेदावर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वो वही भी छोड के जाओ, आराम से देखता मैं." वही सध्या त्यांच्याकडे आहे.