दोन पेडांची तार

वऱ्हाडातल्या जुन्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडलं की तारा मोजक्याच दिसतात: बॅटरी, सेल्फ, डायनामो, हॉर्न, दिवे. इंजिन बंद करायलाही वीज लागत नसे. दोरी ओढली की डिझेल थांबे. डिझेलचं माप ठरवायचा मायकोचा पंप, तोही निव्वळ लोखंडाच्या हिशेबाने. अकोल्या-अमरावतीच्या कितीतरी मिस्त्रींची हयात त्या पंपावर गेली.

मायको म्हणजे 1951 साली निघालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, जर्मनीच्या बॉशची भारतातली शाखा. पुढे नाशिकला तिचा कारखाना आला. 2008 मध्ये कंपनीचं नाव बदललं, तरी नाशिककरांचं मायको सर्कल कायम राहिलं. या बॉशने 1887 मध्ये एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो केला आणि 1927 पासून डिझेल पंप मोठ्या संख्येने काढले. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये एकमेकींना पीळ घातलेल्या ज्या दोन तारा मिस्त्रीला कोड्यात टाकतात, त्याही याच घराण्यातल्या.

1980च्या दशकात मोटारींमध्ये कंट्रोल युनिटं वाढली. प्रत्येकाला दुसऱ्याशी बोलायला वेगळी तार, म्हणून वायरिंगचा जुडगा फुगत चालला. बॉशने 1983 मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी 1986 मध्ये डेट्रॉइटला उत्तर मांडलं: कॅन. सगळ्यांना मिळून दोनच तारा. निरोप गावातल्या दवंडीसारखा जातो, ऐकतात सगळे, ज्याच्या कामाचा त्याने घ्यायचा. दोघं एकदम बोलले तर ज्याच्या निरोपाचा क्रमांक लहान तो पुढे जातो, दुसरा थांबतो.

खरी करामत पिळात आहे. एरवी दोन्ही तारांवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. निरोप जाताना एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते. सेल्फ-अल्टरनेटरचा खरखराट पिळामुळे दोघींना सारखाच लागतो आणि युनिट वाचतं फक्त दोघींतला फरक. म्हणून पीळ उलगडून हातभर साधी वायर जोडणं मला अजिबात पटत नाही, मग हंगाम कितीही घाईचा असो.

ट्रकसाठी यातूनच जे1939 हा नियम झाला आणि त्याच्या आधाराने ट्रॅक्टर व अवजारांसाठी आयएसओ 11783, म्हणजे आयसोबस. त्यात अवजाराच्या मोटारींचा करंट एका जोडीने जातो, युनिटचा वेगळ्या जोडीने. मोटारीने लोड घेतला तरी युनिटचा व्होल्ट ढळू नये, एवढ्यासाठी.

आपल्याकडे 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना 1 जानेवारी 2023 पासून धुराचे ट्रेम-4 नियम लागू झाले. या वर्गात कॉमन रेल ही डिझेल-पद्धत आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचं कंट्रोल युनिट, आले ते मुख्यतः त्यामुळे.

ईसीएमला वीज तीन वाटांनी लागते: फ्यूजमधून थेट बॅटरीची, किल्लीवरून येणारी आणि अर्थ. जुन्या ट्रॅक्टरला चेसिसचा अर्थ कसाही चाले. इथे बोल्टखाली गंज किंवा काळ्या मातीचा थर असला की सेल्फ मारताना आधीच पडलेला व्होल्ट आणखी पडतो आणि ईसीएम मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतं. मग झडीच्या दिवसांत ऐन वावरात ट्रॅक्टर अडतो आणि दोष भलत्याच सेन्सरवर येतो.

अशा वेळी महागडा स्कॅनर येईपर्यंत कॅनच्या दोन तारांबद्दल साधा मीटरही बरंच सांगतो. बॅटरी सोडायची आणि जिथे स्कॅनरचं नऊ पिनांचं सॉकेट आहे तिथे सी आणि डी पिनांमध्ये ओहम मोजायचे. लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून मीटरवर 60 यायला हवेत. 120 आले तर कुठेतरी तार तुटली, नाहीतर एक रोध गेला. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या. उंदरांनी कुरतडलेली जागा आधी पाहावी.

आणि हुकाला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढायचे, ईसीएमचा कपलर सोडायचा आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावायचा.