टर्बो टायमर

टर्बो टायमर हे किल्ली काढल्यानंतरही वाहनाचे इंजिन काही काळ मंद गतीने चालू ठेवणारे विद्युत उपकरण आहे.

कार्य

टर्बोचार्जरचे टर्बाइन इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर फिरते. त्याच्या दांड्याचा वेग मिनिटाला १ लाख फेऱ्यांहून अधिक होऊ शकतो. भरधाव प्रवासानंतर इंजिन तत्काळ बंद केल्यास दांड्याच्या बेअरिंगला होणारा तेलाचा पुरवठा थांबतो. तेथे उरलेले तेल जळून त्याचा कोळशासारखा थर जमतो व बेअरिंग झिजते. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोचार्जरमध्ये हा धोका कमी असतो.

टर्बोचार्जर नसलेली वाहने

या वाहनांत तप्त टर्बाइनच नसल्याने टायमरचा उपयोग होत नाही. इंधन मात्र वाया जाते. पुण्यात निर्मिलेल्या टाटा इंडिकाचे १९९८ मधील मूळ डिझेल इंजिन याच प्रकारचे होते. याउलट नाशिकच्या महिंद्रा स्कॉर्पिओला २००२ पासून टर्बो डिझेल इंजिन होते. अशा वाहनांतही थांबण्यापूर्वी काही वेळ सावकाश चालविल्यास टायमरची गरज सहसा भासत नाही.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी उभ्या वाहनात परवानाधारक चालक बसलेला नसेल, तर इंजिन बंद असणे आवश्यक आहे.