गर्भारपणातील सोनोग्राफी : पूर्वतयारी

गर्भारपणात पोटावरून किंवा योनीमार्गे श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडून गर्भ, वार, गर्भजल आणि गर्भाशयाचे मुख यांची जी पाहणी करतात, तिच्याआधी गर्भवतीने करायची तयारी. या तपासणीत क्ष-किरण नसतात, भूल किंवा सुई लागत नाही, त्यामुळे तयारीही फार मोठी नाही. मात्र कितव्या आठवड्यातली तपासणी आहे यावर ती बदलते. घरोघरी ‘तयारी’ म्हणजे ढसाढसा पाणी पिणे एवढेच समजले जाते. तपासणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर शेवटच्या पाळीची तारीख आणि पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट यांचे मोल त्या पाण्याहून जास्त आहे.

पाण्यामागचे कारण सरळ आहे. श्राव्यातीत लहरी द्रवातून सहज जातात, हवेपाशी अडतात. पोटावर गार जेल लावतात तेही त्वचा आणि प्रोब (लहरी सोडणारे उपकरण) यांच्यात हवा राहू नये म्हणून. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाशय ओटीपोटात खोल, जघनास्थीच्या (ओटीपोटापुढील हाडाच्या) मागे-खाली दडलेले असते आणि त्याच्यापुढे वायूने भरलेली आतडी येतात. मूत्राशय भरले की ते आतड्यांना बाजूला सारते आणि स्वतःच्या द्रवातून पलीकडचे दृश्य दाखवते. प्रसूतिशास्त्रात सोनोग्राफीचा पाया घालणारे ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड (१९१०–८७) यांचा सहकाऱ्यांसह लिहिलेला निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, भरलेल्या मूत्राशयाची युक्तीही पुढे त्यांच्याच विभागात रुळली.

साधारणपणे तपासणीच्या तासभर आधी लघवीला जाऊन यावे, मग तीन-चार पेले पाणी प्यावे आणि तपासणी होईपर्यंत लघवी धरावी. केंद्रावर ‘प्रेशर आलं की सांगा’ म्हणतात, ते याचसाठी. नंबर लांबतो, बाई कळवळते आणि सगळे रिकामे करून पुन्हा बाटली तोंडाला लावते, हा प्रसंग कोणत्याही प्रतीक्षाकक्षात दिसतो. अशा वेळी थोडी लघवी करून आले तरी चालते. फार ताणलेले मूत्राशय उलट दिशाभूल करते. त्याच्या दाबाने गर्भाशयाचे मुख आहे त्यापेक्षा लांब दिसते आणि वार खाली सरकल्याचा भास होतो. चौथ्या महिन्यापासून गर्भाशय ओटीपोटाबाहेर वर येते, गर्भजलही पुरेसे असते. तेव्हा केंद्राने मुद्दाम सांगितले नसेल तर पाण्याचा हट्ट नको. योनीमार्गे तपासणीत मूत्राशय रिकामेच हवे. ही तपासणी पहिल्या दोन-अडीच महिन्यांत किंवा गर्भाशयमुखाची लांबी मोजण्यासाठी करतात; प्रोबवर निरोधाचे आवरण असल्याने रबराची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. ती स्त्रीच्या संमतीनेच होते आणि सोबत स्त्री-परिचारिका हवी असे म्हणण्याचा तिला हक्क आहे.

उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. पित्ताशयाच्या सोनोग्राफीसाठी उपास लागतो, त्यावरून हा गैरसमज पसरला असावा. त्यापायी गर्भवतीला भोवळ येण्याचेच भय जास्त. नेहमीची औषधेही, डॉक्टरांनी थांबवली नसतील तर, घ्यावीत. कपड्यांत सलवार-कमीज किंवा साडी सोयीची. साडी असेल तर परकराची नाडी सैल करून ती ओटीपोटाखाली सरकवावी लागते, म्हणून गाठ सुटणारी असावी. जेल पुसायला जुना मऊ रुमाल जवळ असला की बरे. शेवटच्या तिमाहीत उताणे पडल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तसे वाटताच सांगावे व डाव्या कुशीवर वळावे.

तारखेचे महत्त्व मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पाळी चुकली त्या दिवसापासून नव्हे, आणि प्रसूतीचा अंदाज तेथून २८० दिवसांचा धरतात. ‘संक्रांतीच्या आदल्या दिवशी आली होती’ एवढे आठवले तरी दिनदर्शिकेवरून तारीख निघते. पाळी अनियमित असेल, अंगावर पाजत असताना दिवस गेले असतील किंवा टेस्ट ट्यूब उपचार झाले असतील तर तेही सांगावे. पहिल्या तिमाहीत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून काढलेले वय पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. शेवटच्या तिमाहीत ही चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून पहिल्या रिपोर्टने ठरलेली तारीख पुढे बदलत नाहीत. तो रिपोर्ट घरी राहिला, तर नवव्या महिन्यात बाळ खरेच खुरटले आहे की दिवसच कमी भरले आहेत, हे सांगणे अवघड होऊन बसते. माहेरी बाळंतपणाला जाताना फाइल बरोबर न्यावी ती यासाठी.

वेळ निवडणे हाही तयारीचाच भाग. गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजणारा ‘एनटी स्कॅन’ ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळातच होतो. दोन दिवस चुकले तरी संधी जाते. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होणाऱ्या ‘ॲनोमली स्कॅन’मध्ये हृदयाचे कप्पे, मणका, मेंदू, मूत्रपिंडे, ओठ असे एकेक पाहतात. बाळ पाठ करून बसले तर आईला फिरून, काहीतरी खाऊन परत बोलावतात. सवड काढूनच जावे. ही तपासणी लांबवू नये, कारण २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मर्यादा काही प्रवर्गांसाठी २४ आठवडे आहे आणि गंभीर व्यंगात त्यापुढे राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. नंतरच्या ‘ग्रोथ’ (वाढीच्या) व ‘डॉप्लर’ (रक्तप्रवाहाच्या) तपासण्यांना वेगळी तयारी नसते.

भारतात कागदपत्रांची बाजू जड आहे. गर्भलिंगनिदानावर पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला व २००३ मध्ये कडक झाला. तरी शून्य ते सहा वयोगटात राज्यात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या, बीडमध्ये ८०७. त्यामुळे प्रत्येक गर्भवतीचा ‘एफ फॉर्म’ काटेकोर भरला जातो : वय, पत्ता, आधीची मुले व त्यांचे लिंग, पाठवणारे डॉक्टर, तपासणीचे कारण. गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, असे तिला सहीने किंवा अंगठ्याने लिहून द्यावे लागते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र न्यावे. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. लिंग शब्दाने, खुणेने किंवा कोणत्याही प्रकारे सांगणे गुन्हा आहे. ‘पेढे की बर्फी’ (मुलगा की मुलगी) या सासूबाईंनी हसत टाकलेल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच बसते. बहुतेक केंद्रे मोबाइल बाहेर ठेवायला लावतात.

सरकारी रुग्णालयांत २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार गर्भवतीच्या तपासण्या, सोनोग्राफीसह, मोफत आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या दिवशी रांग मोठी असते. खाऊन जावे, पाणी मात्र नंबर जवळ आल्यावर प्यावे.