बाग लावणे आणि बाग राखणे



पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते सहलीत पाहिले असेल. सुमारे दहा एकरांची ही जपानी पद्धतीची बाग पुणे व ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीची खूण होय. ओकायामातील कोराकुएन या ज्या बागेवरून ती बेतली, तिचा इतिहास मुलांनी ऐकावा असा आहे.

ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये ती बाग करावयास घेतली व १७०० मध्ये ती पुरी झाली. पुढच्याच वर्षी इकडे औरंगजेबाने आपला पन्हाळा घेतला. १८७१ मध्ये बागेला कोराकुएन हे नाव मिळाले. राज्यकर्त्याने चिंता लोकांच्या आधी करावी व सुख लोकांच्या मागून भोगावे, अशा अर्थाच्या जुन्या चिनी वचनावरून ते घेतले आहे. १८८४ मध्ये बाग जनतेला खुली झाली.

१९३४ च्या महापुराने तिचे अतोनात नुकसान केले. १९४५ च्या बाँबहल्ल्यात तिच्यातील इमारती जळाल्या. मग ती पुन्हा पूर्वीसारखी कशी उभी राहिली? सरदारांच्या काळची चित्रे व कागदपत्रे जपलेली होती, म्हणून! २०१९ व २०२१ मध्ये पंचगंगेचा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकरांना जपलेल्या कागदाचे मोल वेगळे सांगावयास नको.

जपानी माळ्याचे काम पाहा. वसंतात तो पाइनचे कोवळे कोंब बोटांनी खुडतो, शरदात जुन्या सुया काढतो, शेवाळातले तण हाताने वेचतो. कानाझावा येथील केनरोकुएन बागेत १ नोव्हेंबरपासून झाडांना दोर बांधू लागतात. हेतू हा की, बर्फाच्या भाराने फांदी मोडू नये. बर्फ पडल्यावर नव्हे, पडण्यापूर्वी! माळी बदलतात, पण रीत चालू राहते.

झाड लावावे आणि त्याचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खावे, हा सदका आहे, असे हदीसमध्ये सांगितले आहे. पण फळ येईपर्यंत झाड जगले पाहिजे ना? पावसाळ्यात आपण हौसेने रोपे लावतो. मे महिन्यात त्यांतील किती उरतात?

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगचे रोप लावले आणि संस्थेचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. लावणारा राजाच राखणदारही झाला. आता ती राखण आपणाकडे आहे. मुलाचे नाव शाळेत घातले म्हणजे रोप लावले एवढेच. आठवी-नववीत मुलगा कामाला जातो, मुलीची शाळा सुटते. दोर बांधावयाचा तो त्यापूर्वी.

पालकहो, दर महिन्याला एकदा शाळेत या, मुलाची वही उघडून पाहा. विद्यार्थी मित्रांनो, एकच रोप लावा, पण दहावीचा निकाल लागेपर्यंत त्याला पाणी घाला. तुम्ही दोघे बरोबरच वाढाल.