चर्चिल, लॉन्सडेल आणि वळणारे हात

सिगारची जाडी इंचाच्या 64 व्या भागांत मोजतात. 64 हा आकडा दिसला की आम्हा कोडवाल्यांचे कान टवकारतात, पण इथे बायनरीचा काही संबंध नाही. कोरोनाचं 'रिंग गेज' 42, म्हणजे व्यास साधारण 16.7 मिलिमीटर. रोबुस्टोचं 50. फरक फक्त आठाचा, पण छेदाचं क्षेत्रफळ 40 टक्क्यांहून जास्त वाढतं.

खरी गंमत नावांत आहे. क्यूबात प्रत्येक मापाला दोन नावं असतात: एक कारखान्यातलं, एक पेटीवरचं. आपल्या प्रॉजेक्टला आत कोडनेम आणि बाहेर मार्केटिंगचं नाव असतं ना, तसंच. सात इंच लांब, 47 गेजची सिगार वळणाऱ्यांसाठी 'हुलिएता 2', दुकानात मात्र 'चर्चिल'. हा गडी 1895 मध्ये तरुण लष्करी अधिकारी म्हणून क्यूबात गेला होता, 1946 मध्ये पुन्हा गेला. 'लॉन्सडेल' हे एका इंग्रज अर्लचं नाव, 'रॉथस्चाइल्ड' सावकार घराण्याचं. म्हणजे मापांना नावं मिळाली ती ओढणाऱ्यांची.

वळणाऱ्याकडे काय? एक लाकडी फळी आणि 'चावेता' नावाचं सपाट पातं. आत भरायचा पाला, त्याला बांधणारं पान आणि वरून गुळगुळीत पान. सरळ आकार 'पारेहो', टोकदार किंवा पोटाशी फुगलेला 'फिगुरादो'. हा दुसरा प्रकार मुरलेल्या हातांनाच देतात. मजुरी नगावर.

आपला 'चिरूट' तमिळ 'सुरुट्टु'वरून आला, म्हणजे गुंडाळी. दोन्ही टोकं सरळ कापलेली, त्यामुळे वळायला सोपा आणि स्वस्त. त्रिचनापल्लीचे चिरूट विलायतेत इतके माहीत होते की शेरलॉक होम्स पहिल्याच कादंबरीत त्यांची राख ओळखतो.

पण मला सगळ्यात आवडतो तो कारखान्यातला वाचक. 1865 पासून हवानात कामगार स्वतःच्या खिशातून पैसे काढून एक माणूस ठेवू लागले. हे वळत बसायचे, तो उंच जागी बसून वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचायचा. अक्षरओळख नसलेल्यांनाही राजकारण कळू लागलं, आणि 1866 मध्येच स्पॅनिश सरकारने बंदी घातली. प्रथा पुन्हा उभी राहिली, स्थलांतरितांबरोबर फ्लोरिडातल्या टँपालाही पोचली. तिथे 1931 मध्ये मालकांनी वाचकांना काढून टाकलं. त्यांच्या मते तो माणूस डाव्या विचारांचा प्रचार करत होता. कामगारांनी काम थांबवलं, तरी वाचक परतले नाहीत. त्यांच्या जागी रेडिओ आले.