३८ विरुद्ध १३ : गोखल्यांचं हरलेलं बिल

चकलांब्यातून बोलतोय. आज एका हरलेल्या बिलाची गोष्ट.

१६ मार्च १९११. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. मागणी बघा किती साधी : सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची, तीसुद्धा जिथली नगरपालिका किंवा लोकल बोर्ड तयार असेल तिथंच. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच सक्ती आणली होती. संस्थानाला जमतं, मग इंग्रज सरकारला का नाही? हा गोखल्यांचा मुद्दा. पण सभागृहात बहुमत सरकारी सभासदांचं. मार्च १९१२ मध्ये बिल पडलं, ३८ विरुद्ध १३.

आणि ते पास झालं असतं, तरी आपल्या गावाला उपयोग नव्हता. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं ना!

सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला २००९ मध्ये, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. तरी दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन आईबाप निघाले, की पोरंही फडावर जातात. नाव हजेरीपटावर, पोरगं उसात.

मला वाटतं, गोखल्यांचा वाद अजून संपलेला नाही. फक्त सभागृह बदललंय. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्यात. टोळ्या निघायच्या आधी तिथं एकच विचारा : हंगामी वसतिगृह कधी सुरू होणार?